फौजेतलं नाव

२००६ साली दिवाळीच्या आधी हिंगोली जिल्ह्यात एक गुलाबी पत्रक फिरलं. त्यावर जिल्हा परिषदेचे सभापती रतनसिंग आडे यांचा फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत विचारलं होतं : फौजीसाहेब, तुमची पलटण कोणती?

आडेंना सगळा जिल्हा फौजी म्हणायचा. आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यातला हा माणूस आधी सरपंच झाला, मग पंचायत समितीत गेला, मग जिल्हा परिषदेत. प्रत्येक निवडणुकीत त्याच्या पोस्टरवर छापलेलं असायचं, 'सीमेवर लढला, आता तुमच्यासाठी लढणार'. पंधरा ऑगस्टला तो झेंड्याला असा सॅल्यूट ठोकायचा की बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. आता पुढच्या फेब्रुवारी-मार्चात पुन्हा निवडणूक होती. त्याच्याविरुद्ध उभे राहणारे प्रभू वकील यांनी माहितीच्या अधिकारात फौजेला पत्र लिहिलं होतं, आणि आलेलं उत्तर पत्रकाच्या पाठीमागं जसंच्या तसं छापलं होतं : रतनसिंग पेमा आडे या नावाच्या सैनिकाची नोंद आढळून येत नाही.

लोकांना तेवढं पुरलं. कळमनुरीच्या स्टँडवर त्याची जीप दिसली की ऑटोवाले डाव्या हातानं सॅल्यूट मारायचे. कुणीतरी जीपच्या आरशाला जत्रेतली प्लास्टिकची बंदूक बांधून ठेवली. एका लग्नात वाढपी म्हणाला, "फौजींना बुंदी दोनदा वाढा, उपाशी लढलेले हायत," आणि सगळी पंगत हसली. रतनसिंग खाली मान घालून जेवला. "येळ आली की कागद दाखवीन," एवढंच तो म्हणायचा. वेळ काही येत नव्हती.

पुसेगावात मुंजाजी पोलेला त्याच्या सुनेनं, राधिकानं, ते पत्रक वाचून दाखवलं. मुंजाजी हटकर धनगर. पंधरा वर्षं फौजेत काढून पेन्शनीवर घरी आलेला, आता चाळीस मेंढरं आणि चार एकर रान सांभाळणारा. शाळेचा पंधरा ऑगस्टचा झेंडा दर वर्षी त्याच्याच हातानं चढायचा. राधिकाचं वाचून झालं तसा तो हसायला लागला.

"येडे हायत लोकं," तो म्हणाला. "रतन अन् मी सात वर्षं एका बराकीत झोपलो. त्याची खाट अन् माझी खाट, मधी हातभर जागा."

चंद्रभागाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. "तीस वर्षांत त्या माणसानं तुमची याद काढली न्हाई," ती म्हणाली. "मंग आता तुमीच काहून निघाले?"

"मोठा माणूस झाला. येळ भेटत नसंल. आता तकलीफ आली त्याच्यावर."

"तुमची तकलीफ त्याला ठाव हाय का?"

मुंजाजीनं डबा मागितला.

तो डबा चंद्रभागाबाईचा होता. फौजेतल्या पहिल्या सात वर्षांत मुंजाजीला लिहिता येत नव्हतं. रतनसिंग सातवी शिकलेला, म्हणून घरी आलेलं प्रत्येक पत्र रतनसिंगच्या हातचं. मुंजाजी सांगायचा दोनच गोष्टी : मी खुशाल हाय, मेंढरं कशी हायत. बाकीचं रतनसिंग आपल्या मनानं भरायचा. डोंगरावर बर्फ कसा पडतो, पहाऱ्यावर उभं असताना तुझ्या हातच्या अंबाडीच्या भाजीचा वास कसा येतो, तू हिरवं लुगडं नेसलीस की कशी दिसतेस. गावचे मास्तर ओसरीत बसून ही पत्रं वाचायचे आणि सोळा वर्षांची चंद्रभागा दाराआड तोंडावर पदर धरून ऐकायची. नवरा रजेवर यायचा तेव्हा दिवसात चार शब्द बोलायचा. पत्रातला नवरा बोलका होता. ते शब्द दुसऱ्या माणसाचे आहेत हे तिला पुढं समजलं, पण तोवर पत्रं पाठ झाली होती. छत्तीस पत्रं तिनं पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाचा पाला घालून जपली होती.

"अक्षर जुळवलं की झालं," मुंजाजी म्हणाला. "पलटणीचा फोटो बी हाय. वकिलाचं तोंड बंद होईल."

"परत आना," ती म्हणाली आणि डबा त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मुंजाजी हिंगोलीला गेला, तिथून नांदेडच्या गाडीनं आखाडा बाळापूरला उतरला. स्टँडसमोरच्या हॉटेलात त्यानं फौजीचं घर विचारलं. "आमी एका पलटणीतले," असंही सांगितलं. बरं वाटलं त्याला ते सांगताना. हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत आणि दोघं-तिघं वळून त्याच्याकडं बघायला लागले.

आडेंच्या बंगल्याच्या ओट्यावर माणसं बसलेली होती. रतनसिंग बाहेर आला, मुंजाजीला बघून दारातच थांबला, मग खांद्याला धरून त्याला बैठकीत न नेता घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथं न्हाणीजवळ तांब्याचा बंब पेटलेला होता. तिथं त्यानं मुंजाजीला मिठी मारली. बराच वेळ सोडलं नाही.

"म्हातारा झालास की रे मुंजा," तो म्हणाला.

"तू बी."

"कोनाला सांगितलं, हिकडं येऊन राहिलो म्हणून?"

"घरी. अन् हॉटेलात रस्ता इचारला."

"काय म्हणून इचारला?"

मुंजाजीनं सांगितलं. रतनसिंगनं डोळे मिटले आणि उघडले.

"फौजेतलं माझं नाव तुला ध्यानात हाय?"

मुंजाजीला हसू आलं. "रतनसिंह पेमसिंह चौहान. राजपूत. हजेरीला चौहान म्हणून वरडले की तू दोन येळा ऐकल्याबिगर ओ देत नव्हता."

सत्तर सालची गोष्ट. परभणीच्या भरतीत दोघं एका रांगेत उभे होते. रतनसिंगनं जात बंजारा सांगितली तेव्हा टेबलामागचा हवालदार म्हणाला, त्या जातीची जागा नाही, राजपुताची आहे. मग त्यानं रतनसिंगला वरून खालपर्यंत बघितलं. उंची आहे, छाती आहे, नावात सिंग आहे. "राजपूत लिखो," तो कारकुनाला म्हणाला. कारकून म्हणाला, आडे नावाचा राजपूत आपण ऐकला नाही. "तो चौहान लिखो." एकोणीस वर्षांच्या रतनसिंगनं मान हलवली. गावही त्यानं आपलं न देता मामाचं दिलं. त्या दिवशी त्याला नोकरी पाहिजे होती, बस.

"म्हणून वकिलाला माझी नोंद सापडली न्हाई," रतनसिंग म्हणाला. "तो आड्याला हुडकून राहिला. अन् हुडकू दे."

"पन तुझ्याजवळ तर फौजेतून सुटतानाचं बुक असंल. दाखव की."

"ते म्या पाच वर्षांखाली ह्या बंबात घातलं." त्यानं बंबाकडं हात केला. "नीट ऐक. माझी जागा राखीव हाय. बंजारा म्हणून उभा राहतो म्या. माझी शीतल नांदेडला डॉक्टरकीला हाय, तिसऱ्या वर्षाला. ती बी विमुक्त जातीच्या जागेवर. तिच्या जातीची पडताळणी अजून व्हायची हाय. समितीला जुना कागद लागतो. माझ्या बापाच्या पिढीत तांड्यातलं कोनी शाळंत गेलं न्हाई. माझ्या शाळंचं दप्तर पुरात गेलं. जुना म्हणावा असा आमच्या घरात एकच कागद, फौजेचा. अन् त्याच्यावर लिहेलं हाय राजपूत."

मुंजाजीला हे समजायला थोडा वेळ लागला.

"तू तर बंजाराच हायस," तो म्हणाला.

"तुला ठाव हाय. कागदाला ठाव न्हाई."

मग रतनसिंगनं डबा मागितला. उघडून बघितला. वरचं पत्र काढून शेवटची ओळ वाचली. प्रत्येक पत्राच्या शेवटी तो स्वतःची एक ओळ घालायचा : लिहिणार रतनसिंह चौहान याचा वहिनीस नमस्कार.

"घाल," तो म्हणाला आणि बंबाकडं बोट केलं.

"चंद्रभागाची हायत."

"तूच घाल. तुझ्या हातानं घातलं म्हणजी मला रातच्याला झोप येईल."

मुंजाजीनं आधी फोटो टाकला. मग पत्रं, एकेक. जुना कागद लगेच पेट घेत होता. शेवटचं पत्र त्यानं हातात धरून ठेवलं. "एक राहू दे. बायकोला दाखवायला."

"एक बी न्हाई."

तेही गेलं. मग रतनसिंगनं त्याला खंडोबाची आण घ्यायला लावली की ते नाव मरेपर्यंत तोंडातून काढणार नाही. मुंजाजीनं ती मनापासून घेतली. रिकामा डबा त्यानं वाटेतच ओढ्यात टाकला आणि घरी येऊन सांगितलं, पत्रं रतनच्या वकिलाजवळ ठेवलीत, निवडणूक झाली की मिळतील. चंद्रभागाबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि पाणी दिलं.

एवढ्यावर हे थांबलं असतं. पण रतनसिंगचा मुलगा दिपक सव्वीस वर्षांचा होता, आणि बापावरचं हसणं त्याला सहन होत नव्हतं. दोनदा तो स्टँडवर मारामारी करून आला होता. फौजेतल्या नावाचं त्याला काही माहीत नव्हतं. रतनसिंगनं ते बायकोशिवाय कुणाला कळू दिलं नव्हतं. हॉटेलवाल्यानं दिपकला सांगितलं, पुसेगावचा एक म्हातारा आला होता, तुमच्या बापूच्या पलटणीतला. दिपकनं बापाला विचारलं. "बोकड इकायला आला होता," बाप म्हणाला. दिपकला वाटलं, बापू भिडस्त आहे, जुन्या मित्राला तकलीफ द्यायला नको म्हणतो.

प्रचार रंगात आला तसा एका बाजाराच्या दिवशी तो जीप घेऊन पुसेगावला गेला.

"काका, बापूनं बोलावलं. आज सभा हाय. तुमी दोन शब्द बोला."

"रतननं सांगितलं?"

"व्हय," दिपक खोटं बोलला.

मुंजाजीला वाटलं, काहीतरी मार्ग निघाला असेल. नाव न सांगता आपण नुसतं सोबत होतो म्हणायचं असेल. त्यानं पेटीतला कोट काढला, राधिकानं इस्त्री केली, छातीवर चार पदकं लावली, डोक्यावर पलटणीची टोपी घातली. निघताना चंद्रभागाबाई म्हणाली, "येताना पत्रं आना."

आखाडा बाळापूरच्या बाजारात स्टेज बांधलं होतं. माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन उभी होती. समोरच्या पानटपरीजवळ प्रभू वकील चार माणसांबरोबर उभे राहून ऐकत होते. दिपकनं मुंजाजीला हात धरून वर नेलं, माईक घेतला आणि सांगितलं की ज्यांना कागद पाहिजेत त्यांनी हा जिता कागद बघा, बापूच्या खाटेला खाट लावून झोपलेला फौजी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टी मारली.

रतनसिंग खुर्चीतून उठला. मुंजाजी त्याच्याकडं बघून हसला. रतनसिंगला दिसत होतं ते एवढंच : आता हा बोलेल, वकील त्याला पलटण विचारतील, पलटणीवरून यादी निघेल, यादीत चौहान निघेल. त्यानं दिपकच्या हातून माईक घेतला.

"मी या बाबाला वळखत न्हाई," तो म्हणाला.

दिपक म्हणाला, "बापू..." आणि थांबला.

"बाबा, तुमी माझ्यासंगं होते म्हणता," रतनसिंग शांतपणे म्हणाला. "मंग सांगा. फौजेत माझं नाव काय होतं? कोन्या नावानं हजेरी घेत होते?"

दुसरं काहीही विचारलं असतं तर मुंजाजीनं सांगितलं असतं. कवायतीचा उस्ताद कोण होता, नदीच्या काठावर कुठल्या महिन्यात खंदक खणले, रतनसिंगच्या पायाला गोळी चाटून गेली तो डावा का उजवा. हा एकच प्रश्न होता ज्याचं उत्तर त्याला देता येत नव्हतं, आणि विचारणाऱ्याला ते पक्कं माहीत होतं. मुंजाजीनं तोंड उघडलं. रतनसिंग त्याच्या डोळ्यांत बघत उभा होता, माईक त्याच्या तोंडापुढं धरून.

"बोला."

मुंजाजी बोलला नाही.

"नाव बी ठाव न्हाई," रतनसिंग लोकांकडं वळून म्हणाला, आणि लोक हसले. ते हसणं ओसरू देऊन त्यानं टोपी काढली आणि हात जोडले. "मायबाप, आज मी खरं बोलतो. मी कवाच फौजेत नव्हतो. नाशिककडं एका छावणीत सात वर्षं साहेब लोकांचे कपडे धुतले. तुमी फौजी म्हणले, मला गोड लागलं. एका खोट्यापायी आज माझं लेकरू असे भाड्याचे साक्षीदार धरून आनायला लागलं. मला माफी करा. मत देऊ नका, पन माफी करा."

त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते खरं होतं का, हे दिपकलाही पुढं कधी ठरवता आलं नाही. पुढं बसलेली एक म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "एवढा मोठा माणूस, पन खरं बोलला गं बाई." मग टाळ्या सुरू झाल्या, आणि पहिल्यापेक्षा जास्त वाजल्या.

पण चार महिने हसून, चिडून लोकांच्या मनात जे साचलं होतं ते कुठं तरी जायला पाहिजे होतं. रतनसिंगला तर माफी देऊन झाली होती. पुढच्या चार-पाच पोरांनी मुंजाजीला पाय धरून खाली ओढलं. कोट फाटला. एकानं पदक तोडून दातात धरून बघितलं आणि पितळ आहे म्हणून फेकून दिलं. कुणी चप्पल मारली, कुणी छत्रीची दांडी. एक फटका डाव्या कानावर बसला, त्या कानानं पुन्हा कधी ऐकू आलं नाही. मग कुणाला तरी सुचलं की ह्याला कवायत करायला लावा. गळ्यात चपला बांधल्या आणि "लेफ्ट राइट" म्हणत त्याला मिरचीच्या दुकानांपासून बैलबाजारापर्यंत चालवलं. मुंजाजी चालला. त्याचे पाय एकसारखे पडत होते, हात खांद्याच्या रेषेत येत होते, वळताना टाच टाचेला बरोबर लागत होती. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. बाया हसत होत्या, लेकरं पाठीमागून पाय आपटत होती.

स्टेजवर रतनसिंग पाणी प्यायला आणि त्यानं पुढचं भाषण सुरू केलं. हातपंप, रस्ता, शाळेच्या खोल्या. दिपक स्टेजच्या पायरीवर बसला होता. तो उठला नाही आणि बाजाराकडंही गेला नाही.

मुंजाजीला पुसेगावला एका टेम्पोवाल्यानं आणून सोडलं. चंद्रभागाबाईनं पाणी गरम करून त्याचं डोकं धुतलं. तो एवढंच बोलला की रतननं चारचौघांत नाव विचारलं.

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"आण घेतली होती."

"कवा?"

"पत्रं घेऊन गेलो तवा."

तिचा हात थांबला. "अन् पत्रं?"

तिनं पुन्हा विचारलं.

"बंबात गेली."

"कोनं घातली?"

"म्या."

तिनं ओलं फडकं परातीत ठेवलं आणि उठून चुलीकडं गेली. नंतरचे कितीतरी दिवस ती रांधायची, वाढायची, जखमेला हळद लावायची, पण त्याच्याशी बोलायची नाही.

रतनसिंग आडे निवडून आला, आणि मागच्या खेपेपेक्षा जास्त मतांनी आला. खरं बोलणारा माणूस म्हणून त्याचा हिंगोलीत सत्कार झाला. घरात मात्र बेबीबाईला, त्याच्या बायकोला, निराळंच सोसावं लागलं. तांड्यातल्या बाया पाण्यावर तिला विचारायच्या, फौजेत नव्हता तर सात वर्षं होता कुठं? धुण्याचं कुणाला पटत नव्हतं. कुणी म्हणालं तुरुंगात होता, कुणी म्हणालं तिकडं दुसरं घर होतं. बेबीबाईनं ती सात वर्षं सासूच्या हाताखाली काढली होती, पहिलं लेकरू एकटीनं पुरलं होतं, नवरा सीमेवर आहे एवढ्या एका गोष्टीवर. आता त्याबद्दल तोंड उघडायची तिला मनाई होती.

पुसेगावात शाळेचे हेडमास्तर पंधरा ऑगस्टच्या आधी मुंजाजीला म्हणाले, यंदा झेंडा सरपंच चढवतील. मुंजाजी बरं म्हणाला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी प्रभू वकील पुसेगावला आले. हरलेला माणूस, पण डोकं थंड होतं. मुंजाजी मेंढरांना पाला टाकत होता. वकील मेंढरांच्या वाड्याच्या कुंपणाशी उभे राहिले.

"बाबा, एक गोष्ट मला झोपू देईना. ज्याचं नाव गावोगाव पोस्टरवर छापलंय, तो माणूस 'माझं नाव काय' असं कशाला विचारील? दुसरं नाव होतं. तुम्हाला ते माहीत आहे. सांगा, आणि तुमच्यावरचा डाग आजच्या आज जाईल."

"मला काही ठाव न्हाई," मुंजाजी म्हणाला. "तो म्हणला तसंच हाय. मी खोटं बोललो."

"तुम्ही एक अक्षर बोलला नव्हता, बाबा."

मुंजाजीनं फाटक सोडलं आणि मेंढरं घेऊन माळाकडं निघून गेला.

हे सगळं ऐकलेल्या चंद्रभागाबाईनं चहा आणून दिला. वकील ओसरीवर बसून पीत होते. तिनं विचारलं, "नाव सांगितलं तर त्या माणसाचं काय होईल?"

"पद जाईल."

"आनखी कोनाचं काही जाईल का?"

वकिलांना नांदेडच्या मुलीचं माहीत होतं. त्यांनी बशी खाली ठेवली. "नाही. आणखी कुणाचं काय जायचंय."

चंद्रभागाबाईनं कपबशी उचलली. मग मास्तर वाचायचे त्याच चालीत ती म्हणाली, "लिहिणार रतनसिंह चौहान याचा वहिनीस नमस्कार." पलटणीचा जुना पत्ताही तिला पाठ होता. तोही तिनं सांगितला.

नोंद सापडायला दीड महिना लागला. सगळं होतं त्यात : तरुणपणीचा फोटो, मामाचं गाव, सात वर्षांची नोकरी, लढाईचं पदक, वर्तणूक उत्तम, जात राजपूत. वकिलांनी तक्रार केली, कागद समितीपुढं गेला. पुढच्या वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत रतनसिंगचं सदस्यपद रद्द झालं आणि शीतलचा दाखला अवैध ठरला. चौथं वर्ष अर्ध्यावर सोडून ती ट्रंक घेऊन घरी आली. लोकांना आता नवीन प्रश्न पडला : खरा फौजी होता तर नाही कशाला म्हणाला? ऑटोवाले त्याला ठाकूरसाहेब म्हणून हाक मारायला लागले. तांड्याच्या पंचायतीत एका म्हाताऱ्यानं त्याला विचारलं की बाबा, तू आमचा का त्यांचा, एकदा सांगून टाक. बाळापूरच्या बाजारात ज्यांनी मुंजाजीला मारलं त्यांच्यातलं कुणीही पुसेगावला आलं नाही. हेडमास्तर आले, झेंड्याचं बोलायला. मुंजाजीनं त्यांना गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.

पावसाळा संपता संपता दिपक मोटरसायकलवर आला. वाळला होता. ओसरीवर बसला नाही.

"काका, नाव कोनं सांगितलं?"

"म्या," मुंजाजी लगेच म्हणाला.

"तुमी न्हाई. तुमाला मारून राहिले होते तवा तुमी सांगितलं न्हाई."

चंद्रभागाबाई दारात येऊन उभी राहिली. "मी सांगितलं," ती म्हणाली.

दिपकनं तिच्याकडं बघितलं. "शीतल घराबाहेर निघत न्हाई," तो म्हणाला. "पुस्तकं खोलून बसती. आई म्हणती, बंद कर, आता काहून वाचती. तर म्हणती, परीक्षा हाय. पाच महिन्यांपासून म्हणून राहिली, परीक्षा हाय."

"कोन शीतल?" चंद्रभागाबाईनं विचारलं.

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मुंजाजीनं आण पाळली ती इतकी पक्की की मुलीचंही नाव घरात काढलं नव्हतं. दिपकनं दोन वाक्यांत सांगितलं आणि गाडीला किक मारली.

गाडीचा आवाज गेल्यावर मुंजाजी म्हणाला, "त्या पोरीचं काय चुकलं होतं?"

"अन् माझं?" ती म्हणाली. "मला सांगितलं असतं तर मी जीभ तोडून घेतली असती. तुमी त्याची आण पाळली. माझी पत्रं जाळली, अन् मला इचारलं बी न्हाई."

त्यानं चांगला कान तिच्याकडं केला, जणू आणखी काही ऐकायचं राहिलं होतं. ती आत निघून गेली. संध्याकाळी तो घोंगडी घेऊन मेंढरांच्या वाड्यावर राहायला गेला, आणि मग तिथंच राहिला. राधिका दोन्ही वेळा भाकरी तिकडं नेऊन द्यायची आणि रिकामं फडकं घेऊन परत यायची. जेवले का, असं सासू विचारायची नाही.